आपा जिथे अडकल्या

रमजान लागला तसं अम्मीने साखर मोजायचं यंत्र फ्रिजवर नेऊन उलटं ठेवलं. मला ते दिसलं की मी मागे लागते, म्हणून. एरवी ती रोज सकाळी स्वतःच बोट टोचून घ्यायची आणि मला लॅबमध्ये फोन करून आकडा सांगायची, "एकशे चाळीस. खुश?" रमजानात बोट टोचायचं नाही, कारण रक्त निघालं की रोजा तुटतो. दिवसा इन्सुलिन घ्यायचं नाही, कारण सुई आत गेली की रोजा तुटतो. मग सकाळचा पूर्ण डोस पहाटे सहरीला, आणि त्यावर अर्धी भाकरी नि दोन खजूर.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सब लोगां बोलते."

"सब लोगां म्हणजे कोण?"

"सब लोगां म्हणजे सब लोगां. तुझ्यासारखी एकटी नाही."

आमच्या घरात दखनी बोलतात. इथे मी बहुतेक मराठीत लिहिते आहे, कारण शाळा-कॉलेज मराठीत झाल्यामुळे मला विचारही त्याच भाषेत करता येतो. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केल्यापासून मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारी दोनपर्यंत काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या साखरेचे आकडे तपासते. अम्मी जे इन्सुलिन घेते ते दोन प्रकारांचं मिश्रण असतं. एक लगेच काम करतं, दुसरं कितीतरी तासांनी जोर धरतं. पहाटे घेतलं तर ऐन दुपारी. त्या वेळी पोटात काहीतरी असावं लागतं. अम्मी तर तेव्हा थुंकीसुद्धा मोजून गिळायची.

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. कागदावर आलेख काढून दाखवला. तिने आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चित्र छान आलंय."

अम्मीला नई जिंदगी भागात सगळे शमशाद आपा म्हणतात. मी जन्मायच्या आधीपासून ती दुपारच्या नमाजनंतर पुढच्या खोलीत मुलींना कुराण वाचायला शिकवते. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता आपल्या मुलींना पाठवतात. उच्चारांबाबत ती फार कडक आहे. घशातून यायचं अक्षर जिभेवरून आलं की तिची पेन्सिल मुलीच्या बोटावर टक्‌ करून पडते. स्वतः पढायला लागली की गल्लीतले लोक स्कूटर बंद करून ढकलत नेतात. तिच्या आवाजाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

तक्रार दुसरीच होती. आठ वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, "अम्मी, याचा अर्थ काय?" ती म्हणाली होती, "पहले पढ तो ले. माना बाद में." मी पढून घेतलं. तीसही पारे, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, तीनदा. ते 'बाद में' काही आलं नाही. शाळेत भौतिकशास्त्राच्या बाई उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर गुण कापायच्या. "पाच काय? मीटर की किलो?" असं विचारायच्या. घरी मात्र मी इतकी वर्षं नुसतेच पाच, पाच, पाच म्हणत होते आणि सगळे माशाल्लाह म्हणत होते.

शेवटी कॉलेजात असताना एका पुस्तक प्रदर्शनातून मीच मराठी भाषांतर घेऊन आले. अम्मीने ते डोळ्यांना लावलं, चुंबन घेतलं, हिरव्या मखमलीत गुंडाळलं आणि कपाटाच्या वर ठेवलं. स्टुलावर चढूनही माझा हात पोहोचेना.

"इतक्या वर कशाला?"

"पाक किताब आहे. खाली कुठे ठेवणार?"

तिसऱ्या रोज्याला मी शेजारच्या शिवबाई काकूंची शिडी मागून आणली आणि ते पुस्तक खाली काढलं. अम्मी चटईवर बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"वुजू आहे का तुझा?"

"आहे. हातपाय धुऊन, चूळ भरून, सगळं करून आलेय. ऐक आता." आणि मी दुसऱ्या पाऱ्यातला रोज्यांबद्दलचा भाग वाचला. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने ते दिवस नंतर भरून काढावेत, असा.

अम्मीच्या बोटांनी मेथीची काडी मोडली. "मरीज म्हणजे जो पडून आहे तो. मी पडून आहे का? आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी पाणी आलं, चार पिंपं भरली मी. तू झोपली होतीस."

"अम्मी, तुला डायबिटीस आहे."

"शुगर काय बीमारी आहे? घराघरात आहे. त्या हिशेबाने नई जिंदगीत कुणी रोजाच धरायला नको."

"तू इन्सुलिनवर आहेस. तुझ्यासाठी वेगळं आहे."

"आणि मराठीत कुराण असतं का कुठे? मराठीत सातबारा असतो."

दारात चप्पल काढता काढता अब्बा फस्सकन हसले. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम दुरुस्त करतात. घरातल्या भांडणात ते शक्यतो पडत नाहीत.

"अब्बा, हसू नका ना! तुम्ही सांगा तिला."

"मी सांगून ती कधी ऐकलीय?" ते म्हणाले. "तुझ्या पुस्तकाने पण ऐकणार नाही. ती मशिदीतल्या हाफिजजींचं ऐकेल. नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी आण. छापील कागद असला की घाबरते."

"मी कुणाला घाबरत नाही," अम्मी म्हणाली. "फक्त अल्लाहला."

"मग त्यानेच म्हटलंय हे!" माझा आवाज चढला.

"जबान लडवू नको. रोज्यात गुस्सा करायचा नसतो."

तिला ते पक्कं माहीत होतं. रोज्यात रागवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, मागे निंदा करायची नाही, हे सगळं तिला माहीत होतं. तोंडोतोंडी जे आलं ते सगळं पाठ. जे पानावर होतं तेवढंच तिला माहीत नव्हतं, आणि ते पान तिने मला वाटतं माझ्या वयाहून जास्त वेळा पढलं असेल.

डॉक्टर राजशेखर आमच्या लॅबकडे पेशंट पाठवतात, त्यामुळे मला ओळखतात. अम्मीचे रिपोर्ट त्यांच्याकडेच असतात. दुसऱ्या दिवशी काम संपवून मी गेले.

"रिफत, तुला मी काय सांगायचं? इन्सुलिनवर असा उपास म्हणजे धोकाच," ते म्हणाले.

"हेच चिठ्ठीवर लिहून द्या सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मागच्या वर्षी एकांना दिलं लिहून. दुसऱ्या दिवशी चार माणसं आली. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही औषधाचं बघा, धर्मात कशाला बोलता? माझी स्वतःची आई श्रावणात माझं ऐकत नाही. तू असं कर, आधी तुमच्या मौलानांना विचार. ते हो म्हणाले की मी लगेच लिहून देतो. हवं तर लेटरहेडवर."

मी तिथून सरळ मशिदीकडे गेले. आमच्या मशिदीत तरावीहची नमाज हाफिज जुनैद पढवतात. रमजानच्या रात्रींमध्ये ते उभ्या उभ्या सगळं कुराण तोंडपाठ म्हणून पुरं करतात. वयाने माझ्याएवढेच असतील. ते पायरीवर बसून चपला लावत होते. मला पाहून उठले आणि नजर खाली ठेवून बोलायला लागले.

मी अम्मीचं सगळं सांगितलं.

"बाजी, हे तर डॉक्टरचं काम आहे. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर म्हणतात, आधी तुम्हाला विचारा."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"हाफिजजी, पहिल्या-दुसऱ्या रात्री तुम्हीच पढलात ही आयत. त्यात मरीजबद्दल सरळ लिहिलंय." मी मोबाईलवर अरबी काढून पुढे धरलं.

त्यांनी एक नजर टाकली आणि त्यांचे ओठ आपोआप हलायला लागले. मोबाईलवरचं पान संपलं तरी थांबेनात. मग भानावर येऊन म्हणाले, "हौ, दुसरा पारा. इथे फार सांभाळावं लागतं बाजी. हीच ओळ खाली परत येते. लक्ष नसलं की वरच्या ओळीवरून खाली जातो, खालून परत वर येतो. माणूस गोल गोल फिरत राहतो. आमच्या मदरशात सगळ्यात जास्त मार याच पानावर बसायचा."

"आणि तिचा अर्थ काय?"

"मी हाफिज आहे, आलिम नाही. लहानपणी बसवलं, मिसरूड फुटायच्या आत सगळं पाठ झालं. अर्थाचं शिक्षण वेगळं असतं. त्याला पुढे सात-आठ वर्षं लागतात. आमच्या घरची परिस्थिती नव्हती."

"मराठीत सरळ दिलंय. मी वाचून दाखवू?"

"तुम्ही वाचाल ते बरोबरच असेल. पण मी 'हो' म्हटलं आणि चुकलं तर गुनाह माझ्या डोक्यावर. मुफ्तीसाबांना विचारतो मी."

"कधी?"

"रमजानात ते बाहेरगावी असतात. ईदनंतर."

"ईदनंतर काय विचारायचं राहतं?"

ते वाईट माणूस नव्हते, ढोंगी तर अजिबात नव्हते. म्हणूनच मला जास्त संताप आला. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. घरी परत येताना मी मनात मोजत होते: डॉक्टरला उत्तर माहीत आहे पण तो सांगत नाही, हाफिजला उत्तर पाठ आहे पण माहीत नाही, अम्मी रोज ते उत्तर सुरात म्हणते, आणि मला उत्तर वाचता येतं तर माझं कुणी ऐकत नाही.

मी घरी आल्यावर अम्मीने विचारलं, "मिळाली चिठ्ठी?"

"नाही."

"मग बस आता गप. चणे भिजवलेत, ते उपस."

अकराव्या-बाराव्या रोज्याची गोष्ट असेल. मार्च महिना, पण ऊन असं की पत्र्याखालच्या आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. मी लॅबमधून येऊन इफ्तारसाठी कलिंगड कापत होते. बाहेर मुलींचा धडा संपला होता. रमजानात अम्मी धडा झाल्यावर स्वतः मोठ्याने पढते आणि मुली आपापल्या पाऱ्यात बोट फिरवत ऐकतात. तिचं एकदा सगळं कुराण पढून झालं होतं. दुसरी खेप सुरू झाली होती.

तो आवाज माझ्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा आहे. चालू असताना ऐकू येत नाही. अब्बांना कारखान्यात पाठमोरे असताना कुठल्या लूमचा धागा तुटला ते कळतं. तसंच काहीतरी झालं. मी सुरी हातात धरून थांबले.

"फमन काना मिनकुम मरीज़न औ अला सफरिन..." अम्मी पढत होती. मग थोडं पुढे. मग परत मरीज़न, परत सफरिन. मला वाटलं मुलींकडून घटवून घेते आहे. पण मुली मागून म्हणत नव्हत्या. पुन्हा थोडं पुढे, आणि पुन्हा तेच. आवाज तसाच, सूरही तसाच, फक्त त्यात अम्मी नव्हती. रेकॉर्ड लावल्यासारखा.

एक मुलगी खुदकन हसली. मग मुबीना, वर्गातली सगळ्यात धीट, म्हणाली, "आपा, ये हो गया ना."

अम्मीने तिला पेन्सिल मारली नाही. तिने ऐकलंच नाही. परत, "मरीज़न औ अला सफरिन..."

हाफिजजी म्हणाले होते, माणूस गोल गोल फिरत राहतो. पण हाफिजजी लहान मुलांबद्दल बोलत होते. अम्मी त्या पानावर आयुष्यात अडकली नव्हती.

मी बाहेर आले. पंखा चालू असूनही तिची ओढणी मानेला चिकटली होती. चेहरा ओला आणि पांढरा. बोट खालच्या ओळीवर टेकलेलं, नजर वरच्या ओळीवर.

"अम्मी, आज वार कोणता?"

ती माझ्याकडे वैतागून बघायला लागली आणि उत्तर म्हणून तीच ओळ म्हणाली.

फ्रिजवरचं यंत्र काढलं. तिचं बोट धरलं. तेवढ्यातही तिने हात मागे ओढला, "खून... रोजा..." मी ऐकलं नाही. शेहेचाळीस. लॅबमध्ये हा आकडा आला की आम्ही रिपोर्ट टाईप करत बसत नाही, आधी डॉक्टरांना फोन करतो.

"मुबीना, साखरेचा डबा आण. पाण्याचा तांब्या पण. पळ!"

साखरेचं पाणी तोंडाशी नेलं तर तिने ओठ घट्ट मिटले. पिंपं उचलणारे हात आहेत तिचे, मला एका हाताने ढकललं तिने. माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, पण रोजा आहे हे आठवतं! मी दोन चमचे साखर थोड्याशा पाण्यात घट्ट कालवली आणि बोटाने तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले. ती मला चावली. मुली छातीशी पारे धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीने रडत रडत कलमा सुरू केला.

हळूहळू ती गिळायला लागली. मग पेलाभर पाणी प्यायली. डोळे जागेवर आले. ते आधी मुलींकडे गेले, मग पेल्याकडे, मग माझ्याकडे.

"मुलींना घरी पाठव," ती म्हणाली.

मुली गेल्या. दार लावून मी वळले.

"मेरा रोजा तोडी तू. सगळ्यांसमोर."

मी तिला पोळी-भाजी आणून दिली. तिने चार घास खाल्ले ते मी समोरून हलत नव्हते म्हणून. संध्याकाळी अब्बा आले, त्यांना मी सांगितलं. ते तिच्याजवळ बसले. इफ्तार झाली, नमाज झाली. मग अम्मी भांडी आवरता आवरता भिंतीला म्हणाली, "उद्या परत धरणार. आजचा ईदनंतर भरून काढणार."

मी त्या क्षणापर्यंत शांत होते.

"भरून काढणार? कशावरून? हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलंच असतं. सगळ्यांना माहीत आहे. राहिलेले रोजे नंतर भरायचे असतात."

"त्याच ओळीत लिहिलंय, अम्मी! आजारी असेल त्याने नंतर भरावेत. तू नंतरचं पाळतेस आणि आधीचं पाळत नाहीस. अर्धी ओळ मान्य, अर्धी नाही. आणि तीच ओळ आज तू गोल गोल म्हणत होतीस!"

तिच्या हातातलं पातेलं थांबलं. "मी?"

तिला आठवत नव्हतं.

"तू त्या ओळीवर अडकली होतीस. खालून वर, वरून खाली. मुबीनाने सांगितलं तुला, 'हो गया.' तरी तू तेच म्हणत होतीस."

"मुबीनाने?" शेहेचाळीस ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही झालं नव्हतं. हे ऐकून झालं. "मुबीनाने मला टोकलं?"

मला ओरडावंसं वाटलं. जीव जात होता त्याचं काही नाही, उच्चारात चूक झाली त्याची लाज! अब्बांनी डोळ्यांनी मला थांबवलं. मग त्यांनीच हात धुतले, मखमल सोडली आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "वाच," ते म्हणाले. "मलाही ऐकायचंय."

मी वाचलं. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने दुसऱ्या दिवसांत गणती पूर्ण करावी. मग खालची आयत, तीच ओळ पुन्हा. आणि लगेच पुढे: अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचं आहे, अवघड करायचं नाही.

अम्मी ओट्याला टेकून उभी होती. "हे तिथेच आहे?"

"तुझं बोट होतं त्याच्या शेजारी."

"परत वाच."

मी परत वाचलं. बाहेरून शिवबाई काकूंच्या टीव्हीवरची कानडी मालिका ऐकू येत होती. अम्मीने ओठांनी अरबी म्हणून पाहिलं, न अडकता, आणि मग माझ्या पुस्तकाकडे पाहिलं. दोन्ही जुळतात का ते बघत असावी.

"खाजाबी पोटुशी होती," ती एकदम म्हणाली.

"कोण?"

"मुबीनाची माँ. मुबीनाच्या वेळेला. रमजान मे महिन्यात होता का जूनमध्ये, मला आठवत नाही, पण गरमी होती. मला विचारायला आली होती. आपा, चक्कर येते, रोजा धरू का सोडू? मी म्हटलं, हिंमत कर, अल्लाह ताकद देतो." ती ओढणीने कोरडेच हात पुसायला लागली. "नळावर पडली ती. हनुवटीवर खूण आहे अजून. अल्लाहची दया, पोटातलं वाचलं. आणि त्याच दुपारी मी मुलींना हाच पारा पढवत असेन."

इतके दिवस मला वाटत होतं की तिला अर्थ सांगितला की प्रश्न सुटेल. मी हट्टाने एकच गोष्ट पुढे रेटत होते. तो अर्थ तिच्या घरात शिरला तर आणखी काय काय मागायला लागेल, हे मी मोजलंच नव्हतं.

"मग इतकी वर्षं मी काय शिकवलं?" तिने विचारलं.

"वाचायला शिकवलंस."

"चूप बस."

दुसऱ्या दिवशी तिने सहरीला उठून अब्बांना जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही, रोज्याची नीयतही केली नाही. मी लॅबला सुट्टी टाकली. सकाळी ती इन्सुलिन घेऊन, भाकरी खाऊन बसली. सगळं खिडकी लावून. दुपारी मुली यायच्या आधी मी चहा केला तर म्हणाली, "आतल्या खोलीत दे."

"इथेच पी ना. कोण बघतंय?"

"आतल्या खोलीत दे म्हटलं ना."

"अम्मी, तू चोरी करत नाहीयेस. तुला सूट आहे, वाचलं ना आपण? मुलींनाही सांगू. मी सांगते हवं तर, दोन वाक्यं—"

"मुलींना नको!" तिने कप घेतला, बशी घेतली आणि आत जाऊन कडी लावली.

मी दारापाशी उभी राहिले. इतका त्रास करून काय मिळवलं? रोजा सुटला, पण कडीआड. उद्या मुली परत त्याच पानावर बोट फिरवतील, अम्मी परत सुरात पढेल, आणि चक्कर आलेली कुणी विचारायला आली तर—

तेवढ्यात पुढच्या दाराची साखळी वाजली. खाजाबी खाला होत्या. डोक्यावरून पदर, हातात डबा, धापा टाकत आलेल्या.

"मुबीना काय काय सांगत होती काल. आपांना काय झालं गं? म्हणाली आपा आयत विसरल्या. मी म्हटलं थोबाड फोडीन, आपा विसरत नाहीत." त्यांनी घरात डोकावून पाहिलं. "कुठायत? खीर आणलीय इफ्तारला. रोजा आहे ना त्यांचा?"

आतून बशीवर कप टेकल्याचा आवाज आला. खाजाबी खालांनीही तो ऐकला. त्या बंद दाराकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे.

'हो' म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "अम्मी इन्सुलिनवर आहे खाला. काल तिची साखर इतकी उतरली की तिला काही कळत नव्हतं. आजारी माणसाने रोजा नंतर भरावा, असं कुराणातच आहे."

"तौबा! कुणी सांगितलं?"

"दुसऱ्या पाऱ्यात आहे. 'फमन काना मिनकुम मरीज़न'..."

"ते तर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं काय?"

मी भाषांतर आणायला वळले. त्यात कठीण शब्द होते, पण मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या माणसाला कळतील असे होते. मोबाईलवर उर्दू तर्जुमाही होता. नेमकं कुठलं घ्यावं म्हणून मी थांबले, तर आतून, दार न उघडता, अम्मीचा आवाज आला. मुलीचा उच्चार चुकल्यावर येतो तसाच कडक.

"मराठीत सांग तिला. तिला उर्दू वाचता येत नाही. आणि सावकाश वाच."

मी वाचलं. सावकाश. खाजाबी खाला उंबऱ्यावर डबा धरून ऐकत होत्या. आजारी असेल तर. नंतरच्या दिवसांत. सोपं करायचं आहे, अवघड करायचं नाही. वाचता वाचता मी वर पाहिलं, तर त्यांचा हात हनुवटीवर गेला होता. त्यांच्या लक्षातही नसावं.

"हा पारा मी आपांकडेच पढलेय," त्या शेवटी म्हणाल्या. रागावून नाही. आठवून म्हणाल्या.

मी कडीकडे बघत राहिले. ती हलली नाही.

खाजाबी खालांनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"होऊ दे आपांचा चहा," त्या म्हणाल्या. "मी बसते."